गड उशाला, कोरड घशाला

तुम्ही शिवनेरीवर शेवटचे कधी गेला होता?

हाच प्रश्न आम्ही परवा नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेटं उतरवणाऱ्या एका वयस्कर बागायतदाराला विचारला. ते हसले. म्हणाले, "सातवीत असताना मास्तर घेऊन गेले होते. नंतर सवड कुठं मिळाली? आणि कुठं जातोय तो गड, इथंच तर आहे." त्यांच्या शेतातून गड रोज दिसतो. सकाळी मोटार चालू करायला गेलं की समोर तोच. पण वर पाय पडून ५० वर्षं झाली. त्यांना नावं ठेवण्यासाठी हे सांगत नाही. आमच्या घरातही तीच गत आहे. मुंबईचा पाहुणा आला की त्याला जीप करून द्यायची, "जाऊन या" म्हणायचं आणि आपण बांधावर परत जायचं. धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी आपल्याकडे म्हण आहे. गडाच्या बाबतीतही आपलं तेच चाललंय.

हे आत्ताच बोलायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. त्या दिवशी जुन्नरच्या पेठेत पेढे वाटले, फटाके वाजले. चांगलंच झालं. पण मंडळी, युनेस्को काही पैशाची थैली घेऊन येत नाही. ती नाव देते आणि नावाबरोबर जबाबदारी देते. नाव झालं की माणसं येतात. माणसं आली की त्यांना पाणी लागतं, सावली लागते, आडोसा लागतो, भाकरी लागते, गाडी उभी करायला जागा लागते. आणि मागे कचरा राहतो. ह्यातलं काहीएक पॅरिसमध्ये ठरत नाही. ते ठरतं गडाखालच्या गावात, तुमच्या-आमच्या ग्रामसभेत.

म्हणून आमचं पहिलं सांगणं असं की, एकदा वर जा. पाहुण्याला पाठवायला नको, स्वतः जा, आणि घरच्या माणसांना घेऊन जा. थंडीत सकाळी लवकर निघालं तर उन्हाच्या आत खाली येता येतं.

जुन्नर गावातून गाडीरस्ता अर्ध्या डोंगरापर्यंत जातो. तिथून दगडी पायऱ्या. सात दरवाजे ओलांडून माथ्यावर पोचायचं. महादरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा अशी त्यांची नावं आहेत. चढताना एक गोष्ट ध्यानात घ्या. वाट कुठंही सरळ दरवाज्यावर येत नाही, वळण घेऊनच येते. शत्रूला धावत येऊन धडक देता येऊ नये म्हणून ही युक्ती. मधेच शिवाई देवीकडे वाट फुटते. जिजाऊंनी ह्या देवीच्या नावावरून बाळाचं नाव ठेवलं असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. देवळाच्या आसपास कड्याच्या पोटात बौद्ध लेणी आहेत. ती महाराजांच्या जन्माआधी दीड हजार वर्षांहून जुनी. आपल्यापैकी बहुतेकजण देवीला नारळ फोडून मागे फिरतात आणि लेणी तशीच राहतात.

माथ्यावर गेलात की आधी अंबरखाना लागतो. अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार. १६७३ साली फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर इकडं आला होता. हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री गडावर आहे असं त्याने लिहून ठेवलं. थोडं वाढवून लिहिलं असं धरलं तरी गोष्ट उरतेच. तोफा किती ह्याच्या आधी गडकऱ्याला दाणे किती हे माहीत असायचं. आपण आजही कांदा निघाला की चाळीअभावी मिळेल त्या भावाने विकून मोकळे होतो. असो, तो विषय निराळा.

तिथून पुढे वाट दुभंगते. एकीकडे उंचवट्यावर ईदगाह आणि कोळी चौथरा. मोगली अंमलात महादेव कोळ्यांनी बंड केलं, ते मोडून काढताना त्यांची कत्तल झाली, त्याची आठवण सांगणारा हा चौथरा. शिवजयंतीच्या गर्दीतली फार थोडी पावलं तिकडे वळतात. पश्चिमेकडच्या डोंगरातली आपली आदिवासी मंडळी मात्र हा चौथरा विसरलेली नाहीत. दुसरीकडे शिवकुंज, तिथे जिजाऊ आणि बाल शिवाजी. पुढे कमानी मशीद, मग जन्मस्थानाची दुमजली इमारत, बदामी तलाव आणि अगदी टोकाला कडेलोट. १९ फेब्रुवारी १६३० ला महाराजांचा जन्म इथं झाला, हे शाळेतलं पोर सांगेल. पण हा गड महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही, हे किती जणांना माहीत आहे? १६५७ ला त्यांनी खालची मोगली पेठ जुन्नर लुटली, पण गड काही मिळाला नाही. तो मराठ्यांकडे आला शाहू महाराजांच्या काळात, १७१६ ला. आणि १८१८ ला इंग्रजांकडे गेला. ज्या मातीत जन्म झाला ती माती मिळवायला नातवाचा काळ उजाडावा लागला. ही गोष्ट पोराला जन्मस्थानासमोर उभं राहून सांगा. पुस्तकात वाचून कळत नाही तेवढी कळेल.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. गडावर नदी नाही, ओढा नाही. तरी माथ्यावर शिबंदी राहत होती, घोडी राहत होती, राजघराण्यातली बाळंतीण राहत होती. कशावर? टाक्यांवर. काळ्या फत्तरात कोरलेली ही टाकी माथ्यावर जागोजाग आहेत. गंगा-जमुना ही त्यातली नावाजलेली जोडी, तिला बारमाही पाणी असतं. पावसाचे चार महिने जे पडलं ते उतारावरून वळवून टाक्यात घ्यायचं, गाळ खाली बसू द्यायचा, आणि आठ महिने जपून वापरायचं. टाकं खोदताना निघालेला दगड तटाला आणि इमारतीला लावायचा, असा आपल्या गडांवरचा रिवाज. म्हणजे एका खर्चात दोन कामं. आज आपण शेततळ्याला प्लास्टिकचा कागद घालतो आणि तो दहा वर्षांत फाटतो. तो फत्तर शेकडो वर्षं झाली तरी गळत नाही.

ही टाकी खोदण्याची रीतही महाराजांच्या आधीची. जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले शिलालेख आहेत. त्यांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' असा शब्द आहे. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे बाहेरून आलेल्या परदेशी माणसाने, इथं दोन पोढी दान दिल्या अशी नोंद आहे. आणखी एका शक दात्याच्या लेखात करंजाची झाडं लावण्यासाठी २० निवर्तनं आणि वडाची झाडं लावण्यासाठी ९ निवर्तनं जमीन लावून दिल्याचा उल्लेख आहे. निवर्तन हे त्या काळचं जमिनीचं माप. विचार करा, दोन हजार वर्षांपूर्वीचा पाहुणा ह्या डोंगरात आला आणि जाताना पाण्याची टाकी देऊन गेला, झाडांची सोय लावून गेला. आजचा पाहुणा येतो आणि त्याच टाक्याच्या तोंडाशी पाण्याची रिकामी बाटली टाकून जातो.

पण पाहुण्याला शिव्या घालून आपली सुटका होत नाही. बाटली त्याने टाकली, ती विकली कोणी? आपल्याच पोरांनी, पायथ्याच्या टपरीवर. वरून रिकामी बाटली परत आणली तर पैसे माघारी, एवढी साधी रीत टपरीवाल्यांनी आपसात ठरवली तरी निम्मा कचरा खाली येईल. त्याला कुठल्या जीआरची वाट पाहायला नको.

आता सभोवार पाहू. राज्य सरकारने २०१८ साली जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. पाटी लागली. आणि खरोखर एका तालुक्यात किती असावं ह्याला सुमार नाही. गडापासून पाच-सहा किलोमीटरवर लेण्याद्री, तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून कोरीव लेण्यात बसलेला गिरिजात्मज. ओझरला कुकडीच्या काठी विघ्नहर. म्हणजे अष्टविनायकांतले दोन आपल्याकडे. हडसर, चावंड, जीवधन हे गड पश्चिमेला. माळशेज घाट पावसाळ्यात माणसांनी फुलतो. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगा ही चार ह्याच तालुक्यात, पाचवं डिंभे शेजारच्या आंबेगावात. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. जगभरचे शास्त्रज्ञ तिच्यावर काम करतात आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती सर्वांना पाहायला खुली असते. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे सुपारी द्यायला येतात. एवढं सगळं एका दिवसात पाहून होणार आहे का? नाही. तरी पाहुणा एका दिवसात परत जातो. सकाळी पुण्याहून निघतो, गड पाहतो, लेण्याद्री-ओझर करतो, हायवेच्या मोठ्या हॉटेलात जेवतो आणि दिवेलागणीला टोल भरून घरी. गावाच्या पदरात पडते ती गाडीची धूळ.

इथं नाणेघाट आठवतो. जुन्नरपासून पश्चिमेला साधारण ३० किलोमीटर. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल ह्या घाटाने वर जुन्नरला यायचा. घाटमाथ्याच्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. त्यात यज्ञ आणि दानांची यादी कोरलेली आहे, गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण नाणी किती. आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी काही अंक ह्या लेखात आहेत. सरकारी दप्तराच्या भाषेत बोलायचं तर खर्चाचा तपशील दगडावर. आणि बाहेर वाटेच्या कडेला एक मोठा दगडी रांजण उभा आहे. जकातीची नाणी त्यात पडत होती असं लोक सांगतात. ते तसं असो वा नसो, पण एक हिशेब तेव्हा पक्का होता. ह्या वाटेने जाणाऱ्याने इथं काहीतरी ठेवून जायचं.

आज आपला रांजण कुठं आहे?

आम्ही टोल लावा म्हणत नाही. टोलला लोक विटले आहेत. आजचा रांजण म्हणजे मुक्काम. पाहुणा एक रात्र राहिला की सगळं बदलतं. संध्याकाळचं जेवण, सकाळचा चहा, दूध, अंडी, वाटाड्या, जाताना पिशवीभर द्राक्षं नाहीतर पाच किलो तांदूळ. दलालाकडे जी द्राक्षं तुम्ही पेटीच्या भावाने देता, ती बागेत उभं राहून स्वतः तोडणारा माणूस घासाघीस करत नाही, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. पश्चिमेकडच्या गावांत तर ही गरज जास्त. तिथे हिरड्यावर घर चालतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची जुनी झाडं उन्मळून पडली. नवं झाड लावून बाळहिरडा हाती यायला वर्षं जातात. मधल्या काळात पोरं मुंबई-पुण्याला गेली. त्यांपैकी चार जण जरी चावंड-नाणेघाटाचे वाटाडे म्हणून गावात उभे राहिले तर चार घरांची दारं उघडी राहतील.

कृषी पर्यटनाचं धोरण राज्याने २०२० साली केलं आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. नोंदणी असली की कर्जाला आणि परवान्यांना कागद जोडायला बरा पडतो. पण एक सावधानतेचं सांगतो, ते कान देऊन ऐका.

कागद आधी, शेड मग. शिवनेरी हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० ला दुरुस्ती झाली. तीप्रमाणे संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय करता येत नाही. जुन्या घराची दुरुस्तीसुद्धा परवानगीनेच. हीच अट तालुक्यातल्या संरक्षित लेण्यांनाही आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. सरपंचसाहेब, आपल्या गावातले कोणते गट नंबर ह्या हद्दीत येतात हे तलाठीभाऊंकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) नकाशावर काढून घ्या आणि चावडीवर लावा. नाहीतर पोरगा बँकेचं कर्ज काढून हॉटेल उभं करील आणि वर्षभरात नोटीस येईल. सिंहगडाचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही ह्यावर तिथल्या कितीतरी घरांनी पोरं शिकवली. त्या बायाबापड्यांच्या कष्टाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण २०२५ च्या मे-जून महिन्यात गड बंद ठेवून अतिक्रमण म्हणून बांधकामं पाडली गेली, तेव्हा हातात कागद नसलेल्याचं काहीच चाललं नाही. भाकरी खरी होती, कष्ट खरे होते, पण पत्र्याखालची जागा आपली नव्हती. त्या मानाने आपल्याकडे सोय आहे. आपली जमीन गडाखाली आहे, सातबारा आपल्या नावावर आहे. घरातल्याच दोन खोल्या नीट केल्या, संडास-बाथरूम स्वच्छ ठेवलं, चुलीवरची भाकरी वाढली की झालं. पाहुणा त्यासाठीच येतो. त्याला शहरातलं हॉटेल शहरात मिळतं.

आणि ह्या सातबाऱ्याबद्दलच आमच्या पोटात खरी भीती आहे. जिथे नाव होतं तिथे भाव येतो. धरणाच्या कडेची, गडाच्या समोरची जमीन विचारायला मोटारी फिरू लागल्या आहेत. पांढऱ्या कपड्यातला एजंट येतो, चहा पितो, दादा-वहिनी करतो आणि गुंठ्याचा असा आकडा सांगतो की म्हाताऱ्याचे डोळे फिरतात. मुलीचं लग्न असतं, सोसायटीचं थकलेलं असतं. सही होते. आलेल्या पैशात गाडी येते, बंगला होतो, आणि पाच-सहा वर्षांनी त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या फार्महाऊसच्या फाटकाशी त्याच घरातला पोरगा वॉचमन म्हणून बसतो. लोणावळ्याच्या, मुळशीच्या बाजूला ज्यांची सोयरीक आहे त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. जमीन विकायचीच वेळ आली तर आमचं लिहिणं ती थांबवू शकत नाही, अडचण ज्याची त्यालाच ठाऊक. पण विकण्याआधी एकदा भाड्याचा हिशेब करून बघा. घरातल्या बाईमाणसाला विचारून बघा. आदिवासी बांधवांनी तर पक्कं ध्यानात ठेवावं की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे त्यांची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीच्या नावावर होऊ शकत नाही. साध्या कागदावर, नोटरी करून, 'कब्जा दिला' असं लिहून घेणारे फिरतात. त्यांना दारातूनच वाटेला लावा. पश्चिमेकडची अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला जो अधिकार दिला आहे तो इतर गावांना नाही. तो वापरा.

पाहुण्याच्या जिवाची काळजीही आपल्यालाच घ्यायची आहे. कड्याला आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, फटाके, आरडाओरडा ह्याने माशा उठतात. तिथे पळायला जागा नसते, एका बाजूला भिंत आणि एका बाजूला दरी. ही सूचना पायथ्याला मोठ्या अक्षरात लागली पाहिजे आणि वाटाड्याच्या तोंडीही असली पाहिजे. साखळीच्या वाटेने येऊ पाहणाऱ्या उत्साही पोरांना अडवा. सवय नसेल तर ती वाट नाही. आणि बिबट्या. आपल्याला त्याची सवय झाली असं बाहेरचे म्हणतात. ज्याच्या घरातलं लेकरू गेलं त्याला विचारा सवय झाली का. ऊस वाढला, उसात बिबट्या वाढला, हे दुखणं मोठं आहे आणि त्याचा इलाज पर्यटनाने होणार नाही. पण मुक्कामाला ठेवलेल्या पाहुण्याला रात्री उसाकडेने फिरायला सोडू नका, पोरांना अंगणात एकटं खेळू देऊ नका. 'बिबट्या दाखवतो' असं सांगून अंधारात गाडी फिरवणारे निघाले तर त्यांना वन खात्याच्या हवाली करा. माणिकडोहचं निवारा केंद्र जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी आहे, ते काही प्राणिसंग्रहालय नव्हे. पाहुण्याने तिथे जाऊन फाटकाशी हुज्जत घालू नये एवढं आधीच सांगावं.

मोठ्या योजना होतील तेव्हा होतील. आराखडे निघतात, मंत्री येतात, १९ फेब्रुवारीला सगळा लवाजमा गडावर असतो आणि २० तारखेला साफसफाईला माणूस मिळत नाही. हे चित्र आम्ही अनेक वर्षं पाहत आलो. सरकारने करायचं ते सरकारने केलंच पाहिजे. रस्ता, एस.टी. आणि दवाखाना ह्यात सबब चालणार नाही. जुन्नर स्टँडवरून नाणेघाटाकडे जायला सोयीच्या वेळी गाडी नसेल तर गरीबाघरच्या पोराने गड पाहायचा कसा? ज्याच्याकडे मोटार आहे त्याचाच वारसा, असं होता कामा नये. पण गावाच्या हातातलं गावाने करायला कुणाची आडकाठी आहे?

बायकांसाठी आडोसा ही पहिली गोष्ट. दिवसभर गड चढून-उतरून आलेल्या आयाबहिणींची होणारी कुचंबणा कुठल्याच आराखड्यात नीट मांडलेली नसते, कारण आराखडे करणारे पुरुष असतात. स्वच्छ संडास, आत पाणी, दाराला कडी, आणि देखभालीला गावातला बचत गट. वापराचे पाच-दहा रुपये घ्या, कुणी कुरकुरणार नाही. त्यानंतर गाड्यांचा तळ. मोकळी गायरान जागा असेल तर ठराव करून, वरच्या कचेरीची मंजुरी घेऊन तळ करा आणि पावती फाडा. पावतीचं पुस्तक एकच असू द्या. दोन पुस्तकं निघाली की गावात दोन तट पडतात, हे आम्ही सांगायला नको. कचरा गोळा करून जाळायचा नाही, खाली आणून वेगळा करायचा. बाकी पाट्या, फलक, सेल्फीची जागा वगैरे हौशी गोष्टी मागून.

आणखी एक. शाळेतली पोरं. गडाखालच्या गावातल्या आठवी-नववीच्या पोरापोरींना सुट्टीत गडाची, लेण्यांची माहिती तोंडपाठ करून द्या. इतिहासाच्या मास्तरांनी, बाईंनी मनावर घेतलं तर एका महिन्याचं काम आहे. ह्यात खरं-खोटं मात्र नीट निवडून शिकवा. पाहुण्याला खूश करायला रोज नवा चमत्कार रचणारा वाटाड्या गडाचं वाटोळं करतो. पोढी म्हणजे काय, अंबरखान्यात काय होतं, कोळी चौथऱ्यावर कोण मेलं, गड १७१६ पर्यंत का मिळाला नाही, एवढं पोराने सरळ सांगितलं तरी शहरातला माणूस थक्क होऊन ऐकतो.

२६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा होते. शिवजयंती त्यानंतर तीन आठवड्यांनी, आणि तिथीची फाल्गुनात वेगळी. ग्रामसेवकभाऊंनी (त्यांनाही २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं आहे) नोटीस काढताना विषयपत्रिकेवर तीन ओळी जास्त लिहाव्यात. गडाच्या वाटेवरचं पाणी आणि संडास कोण पाहणार, गाडीतळाची पावती कोण फाडणार, आणि संरक्षित हद्दीतले गट नंबर कोणते. आयत्या वेळच्या विषयात टाकू नका, तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात.

आणि सभेच्या आदल्या रविवारी सदस्य मंडळींनी एकदा वर जाऊन यावं. गंगा-जमुनेच्या टाक्यात वाकून बघावं, पाण्यावर काय तरंगतंय ते. नारायणगावच्या त्या बागायतदारांना आम्ही बरोबर या म्हटलं आहे. तोडणी आटोपली की येतो म्हणाले. नातवालाही आणणार आहेत.